भीमाबाईंची जोडी

पाथर्डी, २७ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप नृसिंहकाकांस,
मैत्रेयीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून पत्र. काकूंच्या गुडघ्याला तेल लागतंय ना?

माझ्या दहावीच्या वर्गात परवा 'कंपॅनियन' या शब्दावर गाडी अडली. पुस्तकात 'सोबती' एवढाच अर्थ दिलाय. ओंकार म्हणाला की सोबती म्हणजे मित्रच की, मग वेगळा शब्द कशाला. तुम्ही याच तालुक्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, तेव्हा हा शब्द तुम्हीच सोडवून द्या.

मुलांना एकेक वाक्य लिहायला सांगितलं होतं. बहुतेकांची कंपॅनियन सायकल, नाहीतर मोबाईल. रेश्माने मात्र लिहिलं, 'दिवाळीपासून मी माझ्या आईची कंपॅनियन होईन.' क्रियापद चुकलं होतं, ते लाल शाईने दुरुस्त केलं आणि खाली 'उत्तम' असा शेरा दिला. फळ्यावरही लिहून घेतलं. मुलगी हुशार आहे, तुम्हाला आवडेल.

लोभ आहेच, तो शब्दार्थासकट लवकर पाठवावा.
तुमची मैत्रेयी


केडगाव, २ ऑक्टोबर २०२४

चि. मैत्रेयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. कानांबद्दलचा टोमणाही पोचला, डोळे अजून शाबूत आहेत.

शब्द मुळात लॅटिन. एकत्र भाकरी खाणारा, इतका साधा अर्थ. मराठीत आपण एका शब्दावर भागवत नाही. सोबती वाटेपुरता, सवंगडी खेळापुरता. साथीदार कामाचा, पण वर्तमानपत्रांनी तो चोरांना देऊन टाकला. सांगाती जुना आणि भारदस्त, तुझ्या पोरांना जड जाईल. सहचर बोलण्यात कधी येत नाही, लिहिण्यातच राहतो. मला विचारशील तर जोडीदार घे. तो बैलालाही असतो आणि माणसालाही, आणि एक बसला की दुसऱ्याचं काम अडतं.

आता एक विचारतो, राग मानू नकोस. रेश्मा दिवाळीपासूनच का? आईची सोबत तर जन्मापासून असते. तू क्रियापद तपासलंस, पण वाक्य वाचलंस का? मीही तुझ्यासारखंच केलं असतं, म्हणून विचारतो. तिच्या घरी एकदा जाऊन ये.

काकू म्हणते, भाजणी तयार आहे. प्रकृतीस जपावे आणि लाल शाई बेताने वापरावी.
तुझा काका


पाथर्डी, १४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून लाज वाटली. त्याच संध्याकाळी रेश्माच्या वस्तीवर गेले.

तिचे वडील गोरक्ष गेल्या उन्हाळ्यात काविळीने गेले, हे ठाऊक होतं. पुढचं माहीत नव्हतं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडीच घेतात, एकाने तोडायचं आणि दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. त्या जोडीला कोयता म्हणतात. एकट्या बाईला मुकादम घेत नाही. म्हणून साळूबाईंच्या, म्हणजे रेश्माच्या आईच्या, जोडीला आता रेश्मा. दिवाळी झाली की दोघी कारखान्याला जाणार आणि पोरीची दहावी राहणार.

मी पोरीची हुशारी, मार्क, पुढचं शिक्षण, सगळं सांगितलं. साळूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की बाई, तुमचं समदं खरं हाय, पन दुसरं मानूस मी कुठनं आनू.

शेजारी भिंतीला भिंत लागून त्यांच्या थोरल्या जावेचं, भीमाबाईंचं घर आहे. त्याही विधवा, साठीच्या, चार वर्षांपूर्वी ऊसतोड सोडलेल्या. बांधावरचा लिंब साळूबाईंनी तोडला म्हणून दोघींचा सात वर्षं अबोला. मी तावातावाने बोलत होते तेव्हा या बाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचा रागच आला.

काका, काहीतरी सुचवा. दिवस थोडे राहिलेत. तुमच्या आशीर्वादाची या वेळी खरोखर गरज आहे.
मैत्रेयी


केडगाव, १९ ऑक्टोबर २०२४

चि. मैत्रेयीस अ. उ. आ.

मला काही सुचत नाही, हे आधी कबूल करतो. रेश्माला ठेवून घ्यायला आम्ही दोघं एका पायावर तयार आहोत. पण त्याने तिच्या आईला जोडीदार मिळत नाही.

नोकरीत असताना दर दिवाळीनंतर माझ्या हजेरीपटातली नावं गळायची. मी त्यांच्यापुढे सुंदर अक्षरात 'स्थलांतर' लिहीत आलो. अक्षराबद्दल मला शाबासकीही मिळाली. एकाही घरी गेलो नाही. तू गेलीस. पोरी, तुझा मला अभिमान वाटतो.

पुन्हा जा. उपदेश करू नकोस, नुसती बसून ये. काकूचाही आशीर्वाद आहे, तो माझ्यापेक्षा लवकर लागू पडतो.
तुझा काका


पाथर्डी, १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप काकांस सा. न. वि. वि.

रेश्मा काल शाळेत आली. मी दोनदा जाऊन नुसती बसून आले, त्याने काही झालं नाही. जे झालं ते भीमाबाईंनी केलं.

शुक्रवारी टोळीचा ट्रॅक्टर आला. रेश्मा आईजवळ गाठोडं घेऊन उभी होती. मी निरोप द्यायला गेले होते, मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात भीमाबाई आल्या. धार लावलेला कोयता आणि वळकटी त्यांनी ट्रॉलीत टाकली, रेश्माचं गाठोडं खाली उतरवलं आणि मुकादमाला, वैजनाथला, सांगितलं की साळूची जोडी मी हाय.

वैजनाथ हसला. दोन बायांचा कोयता, त्यात एक म्हातारी, कुनी पाह्यलाय का म्हणाला. भीमाबाई म्हणाल्या की तुज्या बापाच्या टोळीत मी नवऱ्याच्या म्होरं तोडत हुते, इचार त्याला. न्हाई झेपलं तर पंधरा दिसानं मला रस्त्यावर उतरव. बाप तिथेच बसला होता. त्याने मान डोलावली, मग वैजनाथचं काही चाललं नाही.

घराची किल्ली भीमाबाईंनी रेश्माच्या हातात दिली. शेरडांना येळेवर पानी दाव आन पुस्तक सोडू नगं, एवढंच बजावलं. साळूबाईंकडे पाहिलंही नाही. ट्रॉलीत दोघी दोन कडांना तोंड फिरवून बसल्या.

ज्या बाईचा मी राग केला, तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. चारचौघांत धीर झाला नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे. रेश्मा आता भीमाबाईंच्या घरी राहते, वस्तीवरच्या मनकर्णा आजी सोबतीला झोपायला येतात.

तुमचा लोभ आहे, त्यातला थोडा त्या म्हातारीलाही द्यावा.
मैत्रेयी


पाथर्डी, ४ मार्च २०२५

तीर्थरूप काकांस सा. न. वि. वि.

इंग्रजीचा पेपर झाला. रेश्मा हसत बाहेर आली. तुम्ही पाठवलेल्या सरावाच्या प्रश्नांतले दोन तसेच्या तसे आले म्हणाली, तेव्हा कॉलर ताठ करायला हरकत नाही.

संध्याकाळी तिच्या आईला कळवावं म्हणून फोन लावला. तिकडे चार महिने दोघी एका फडात तोडतात, पाचटाच्या एका कोपीत झोपतात. जानेवारीत साळूबाईंना ताप आला तर भीमाबाईंनी तीन दिवस दोघींचं काम एकटीने ओढलं, पेज करून तोंडाशी धरली. पण बोलत न्हाई, असं मागच्या खेपेला साळूबाईंनीच सांगितलं होतं.

या वेळी फोन भीमाबाईंनी उचलला. साळूबाई मोळ्या भरायला ट्रकवर चढल्या होत्या. मी सांगितलं की पोरीला पेपर सोपा गेला. त्यांनी फोन तसाच हातात धरून वर हाक मारली की साळू, पोरीला पेपर सोपा गेला गं.

ट्रकवर मोळ्या रचल्याचा आवाज थांबला. मग साळूबाईंनी विचारलं की काय म्हनली, आक्का, पुन्यांदा सांग.

काकूंना नमस्कार. आज याहून जास्त लिहवत नाही, तेवढं गोड मानून घ्यावं.
तुमची मैत्रेयी