उम्म अल क्वैनच्या जेवणाची पूर्वतयारी

सोमवार, १ मार्च १९९९. अल मनखूल, दुबई.
सुजीतच्या कंपनीच्या मालकांनी शुक्रवारी उम्म अल क्वैनला आपल्या घरी आम्हां उभयतांना जेवायला बोलावले आहे. सुजीतचा व्हिसा याच महिन्यात संपत असल्याने ही घटना शुभसूचक होय. सुजीत मात्र लवकर झोपला. कामाचा ताण असावा.
संकल्प: तेथील सर्व स्थानिक पदार्थ चाखणे, आणि मालकांच्या पत्नीशी अरबीत बोलून सुजीतची नोकरी पक्की करणे. संस्कृतात बोर्डात पहिली आलेल्या मुलीस अरबी जड जाऊ नये.

मंगळवार.
शेजारच्या लतिकाताईंना बातमी दिली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, अगं, तुमच्याच कंपनीतल्या सूर्यकांत-अनुपमालाही जानेवारीत तिथेच बोलावलं होतं. आता सांगलीला आहेत. मी म्हटले, अनुपमा मासे पाहून नाक मुरडते, यजमान दुखावले असणार.

बुधवार.
अभ्यास पूर्ण. मचबूस: बिर्याणीचा शांत स्वभावाचा भाऊ. लुगैमात: खजुराच्या पाकातले तळलेले गोळे. हरीस: गहू आणि मांस एकजीव होईतो घोटलेले. मी शाकाहारी असले, तरी हरीसमध्ये मांस वेगळे दिसत नाही. तेव्हा तत्त्वतः अडचण नाही.
सुजीत म्हणाला, कशाला एवढं करतेस? आवाज घोगरा होता. एसीमुळे.

गुरुवार, दुपार.
लतिकाताईंचा विघ्नेश दारात येऊन विचारू लागला, आंटी, आर यू ऑल्सो गोइंग बॅक? ताईंनी त्याला दंडाला धरून आत ओढले. मुलांना मराठी माध्यमात न घातल्याचे परिणाम.

शुक्रवार, सायंकाळ.
स्त्रियांचे दालन वेगळे होते. हरीसचा एक घास गिळला. दुसऱ्याच्या वेळी डोळ्यांना धारा लागल्या. मालकीणबाईंना वाटले, मी रडते आहे. त्यांनी मला जवळ घेतले, स्वतःच्या हाताने लुगैमात भरवले आणि हिंदीत म्हणाल्या, मत रो, हबीबती. तुम्हारा आदमी बहुत अच्छा. लेकिन कंपनी खलास. हम सबको खाना खिला के भेजता है.
पाठ केलेले एकही अरबी वाक्य आठवेना. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. काहीतरी बोलणे अगत्याचे होते.
मी म्हटले, इन्शाल्ला.
परतताना हे सुजीतला सांगितले. तो खूप हसला. कित्येक दिवसांनी हसला. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर डोके टेकून बसला.