ताकाच्या वाडग्यातलं पाणी

ऑल्डकोंब, सेंट मार्टिनचा सण, १४३१

ती. थर्स्टनदादास,
एमटचा सा. न. वि. वि.

तुझी मेंढरं, नवऱ्यामागं माझ्याकडं आलेल्या कुरणात चरून, तुझ्यासारखीच गोल झाली आहेत. हॅमनशी माझं लग्न झालं की कुरण त्याच्या हाती जाईल, तेव्हा पुढची सोय पाहून ठेव. रुसू नकोस.

पण लग्नच अडलंय. काल बिशपच्या न्यायालयाचा शिपाई आला होता. म्हणतो, माझं बाळ जन्मतःच मरायला टेकलं तेव्हा सुईण पोचली नव्हती, आणि शेजारधर्म म्हणून धावून आलेल्या हॅमननंच त्याच्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्मा देणारा तो बाळाचा धर्मपिता, म्हणजे धर्मानं तो माझा भाऊ झाला! लग्न केलं तर तो बहीणभावाचा व्यभिचार, आणि चर्चभोवती फिरवून फटके. पाणी घातलंच नाही म्हणावं, तर बाप्तिस्म्याविना गेलेलं म्हणून बाळाला चर्चच्या पवित्र आवारातून उकरून बाहेर पुरतील. दादा, जीव थाऱ्यावर नाही. ही चुगली कुणी केली असेल रे?

तुझी माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी एमट


ग्लॉस्टर, सेंट कॅथरीनचा सण

चि. एमट हिस अनेक आशीर्वाद.

मला त्या सुईणीचाच संशय येतो. तिच्या जिभेला हाड नाही. आणि तुझा हॅमन तरी कुठं धुतल्या तांदळासारखा आहे? तुझ्या कुरणावर डोळा ठेवूनच तो दाराशी घुटमळतो, असं मी आधीच म्हणत होतो. त्याचा नाद सोड. मेंढरं आहेत तिथंच राहू देत, तेवढीच तुला सोबत. वहिनीनं चीज पाठवलंय.

जिवाला जप, आम्हाला विसरू नकोस.

तुझा थर्स्टनदादा


ऑल्डकोंब, सेंट लूसीचा सण

थर्स्टन यास,

न्यायालयात आरोप वाचून दाखवला. पाणी ताकाच्या वाडग्यातून घातलं, हेसुद्धा त्यात होतं. सुईणीला हे ठाऊकच नाही. ते हॅमनला ठाऊक होतं, आणि मी एकट्या तुला सांगितलं होतं, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना.

हॅमन खोटी शपथ घ्यायला तयार होता. मीच पुढं होऊन सांगितलं, की पाणी घातलं. बाळ आहे तिथंच निजलंय. लग्न मोडलं. घरी येऊन पोटभर रडले.

आता न्यायालयाच्याच शिक्क्यानं हॅमन माझा भाऊ आहे. कुरण मी भावाला दिलं. तुझी मेंढरं नाताळच्या आत घेऊन जा.

कळावे, लोभ होता.

एमट