डावी चाकोरी

आप्पा, गाडी घ्यायची ठरली आहे आणि कोणती घ्यायची हे तुम्हाला विचारता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आई गेली त्यालाही सहा होतील. तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर गाडी हे निमित्त आहे. ओढ्यातल्या त्या रविवारचं एक तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय डोंगरात न्यायची गाडी माझ्याच्याने निवडवत नाही.

तुमचे जावई तसे भले गृहस्थ, पण पडले डॉक्टर. गाडीसुद्धा ते तपासण्या करून निवडतात. फ्रिजवर त्यांनी तक्ता चिकटवला आहे. जमिनीपासून उंची किती, चारही चाकांना जोर देणारा गिअर खराखुरा आहे की नुसतं बटण, किती पाण्यातून जाऊ शकते, मागची सीट पाडली तर तिघं झोपू शकतात का. त्यांचा कल सात सीटच्या मोठ्या गाडीकडे. शेगडी, पाण्याचे कॅन, अंथरूण-पांघरूण सगळं आत मावतं म्हणे. तुमची नात अकरावीत आहे. तिला गाडीच्या टपावर उघडणारा तंबू हवा आहे आणि तो स्पितीत नेऊन लावायचा आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. टपावर एवढं ओझं चढवलं की उतारावर गाडी कलते, असं मी म्हटलं तर म्हणाली, मम्मा, आपको कैसे पता.  कलणारी गाडी मी जवळून पाहिली आहे, पण ती गोष्ट मी या घरात कधी काढलीच नाही.

तुम्ही असतात तर तो तक्ता वाचून मिशीतल्या मिशीत हसला असतात. गाडी हलकी असावी, टायर चांगले असावेत, बाकीचं खाली उतरून बघायचं. तुमचं शास्त्र एवढ्यात संपायचं. इकडे उत्तरेत, छावणीतल्या वर्कशॉपमध्ये सुभेदार होतात तुम्ही. आठवडाभर लष्कराच्या गाड्या उघडून रविवारीही हात स्वस्थ बसेनात, म्हणून लिलावातली एक जुनी उघडी जीप आणून क्वार्टरच्या मागे लावलीत. दारात म्हैस बांधावी तशी बांधली आहे, आई म्हणायची, आणि दूध मात्र देत नाही. पण रविवारी सकाळी सगळ्यात आधी तयार तीच असायची. मला ते स्वयंपाकघर आत्ताही दिसतं. आई खाली बसून भाकरी थापते आहे, दोन्ही तळवे फिरतायत, परातीत थप-थप आवाज चालू आहे. पीठ गावाहून, कोणी साताऱ्याहून ड्यूटीवर परतणार असला की त्याच्याबरोबर आलेलं. तुम्ही बाहेरून हॉर्न देताय. मग आम्ही तिघं पंचकुल्याच्या मोकळ्या प्लॉटांमधून मोरनीच्या डोंगराकडे निघतो.

त्या बाजूला पावसाळी ओढ्यांना चो म्हणतात. एरवी नुसते दगडगोटे, आणि वर डोंगरात पाऊस झाला की गुडघाभर गढूळ पाणी. तिथे तुमचा एक नियम होता. गाडी पाण्यात घालण्याआधी कुणीतरी पायी पलीकडे जायचं. तेही एकदाच नाही. उजवं चाक जिथून जाणार ती वाट एकदा चालायची आणि डावं चाक जिथून जाणार ती एकदा. तुम्ही त्याला चाकोरी म्हणायचात, गावाकडच्या बैलगाडीचा शब्द. दोन्ही चाकोऱ्या चालून झाल्या की समोरच्या काठावर उभं राहून हातांनी खुणा करायच्या, आणि ड्रायव्हरने फक्त त्या हातांकडे बघायचं. बाराव्या वर्षी ते काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं ते सांगता येणार नाही. आपले वडील, ज्यांना वर्कशॉपमधले जवान कडक सलाम ठोकतात, ते माझी मूठ मिटली की थांबतात.

त्याच सुमाराला तुम्ही मला कॅन्टीनमधून पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. आधीचे बूट मी ओल्या गवतात घालून खराब केले होते आणि तुम्ही रागावला होतात. आरडाओरडा तुमच्या स्वभावातच नव्हता. बूट हातात धरून उलटसुलट पाहिलेत आणि म्हणालात, "ज्याला आपले बूट सांभाळता येत नाहीत, त्याला दुसऱ्याचं काय सांभाळता येणार?" एवढंच. ते मला फार लागलं. नवे बूट आले तेव्हा मी ते चार दिवस खोक्यातच ठेवले. सोमवारी शाळेत परेड होती. रविवारी मात्र तुम्हाला दाखवायला म्हणून पायात घातले.

चोला त्या दिवशी पाणी होतं. उजव्या बाजूला दगड वर आलेले, त्यांच्यावरून उड्या मारत मी सहज पलीकडे गेले आणि तशीच परत आले. मग डावीकडे वळले. तिथे दगड नव्हते, नुसतं चहाच्या रंगाचं पाणी. मी काठावर थोडी घुटमळले. तुम्ही बॉनेट उघडून वाकला होतात, आई डबा सांभाळत डाव्या सीटवर बसली होती. मी पुन्हा उजवीकडूनच पलीकडे गेले आणि हात वर केला. बॉनेट लावून तुम्ही गाडीत बसलात आणि तिथून ओरडून विचारलंत, "दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हटलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी या-या करत होते, तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात, आणि मध्यावर डावं चाक खड्ड्यात गेलं. जीप आईच्या बाजूला कलली. आईने धरायला हात बाहेर टाकला आणि तो लोखंड आणि दगडाच्या मध्ये सापडला. ती ओरडली नाही, नुसतं तुमचं लक्ष वेधावं तसं अहो, अहो म्हणत राहिली. तुम्ही तिला उचलून काठावर आणलंत. मी होते तिथून हलले नाही.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. हॉस्पिटलमधल्या बाकावर तुम्ही आईशेजारी बसून जे बोललात ते मी दाराजवळून ऐकलं. डाव्या डोळ्याने वर्षभर धूसर दिसत होतं. फौजेतली तब्येतीची कॅटेगरी खाली जाईल म्हणून तुम्ही ते मेडिकल तपासणीत लपवलं होतं. मला डावीकडचं दिसलं नाही गं, म्हणालात. ती तुमची पाठ दुसऱ्या हाताने चोळत होती. आठवड्याभरात तुम्ही आपल्या पायांनी डॉक्टरकडे जाऊन सगळं सांगितलंत. पुढच्या बढतीचं नाव मागे पडलं, मग तुम्ही नोकरीच सोडलीत. जीप विकलीत. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीत. मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटात एका दुकानात बसायचात, सुटे भाग बोटांनी चाचपून ओळखायचात, आणि बसने घरी यायचात. आईचं मनगट नीट वळेना. भाकरी थापायला दोन हात लागतात. आपल्या घरात तेव्हापासून पोळ्या आल्या आणि गावाहून पीठ यायचं थांबलं.

इतकं सगळं डोळ्यांदेखत होत होतं आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही. आधी भीती वाटली, नंतर लाज, आणि पुढे पुढे तर वाटायला लागलं की आता सांगून काय उपयोग. ही तीन कारणं मी आळीपाळीने वापरली.

गेल्या रविवारी पंचकुल्याच्या पुढे एका नदीच्या पात्रात गाड्या चालवून पाहायची सोय केली होती. तुमच्या जावयांची आवडती मोठी गाडी आधी घेतली. मी सीटवर बसले आणि लेकीला पुढे उभं राहायला सांगितलं. बॉनेटवरून तिचं नुसतं डोकं दिसत होतं. हात दिसत नव्हते. विक्रेता म्हणाला, मॅडम, चारों तरफ कैमरे हैं, किसी को उतरने की ज़रूरत ही नहीं. मी उतरले आणि शेजारची लहान गाडी मागितली, तीन दारांची, जिच्यात तंबू, शेगडी आणि आम्ही तिघं जेमतेम मावू. तिच्यातून लेक पार गुडघ्यांपर्यंत दिसली. पुढे पाण्याचा एक पट्टा होता. तिला म्हटलं, दोन्ही चाकोऱ्या चालून ये. तक्रार करत गेली, पलीकडे पोहोचली. मी खिडकीतून विचारलं, "दोन्ही?"

"नहीं मम्मा," ती म्हणाली. "उधर नहीं गई मैं. जूते गीले हो जाते."

इतकं सोपं असतं ते, आप्पा. तिला काहीच वाटलं नाही. मी गाडी बंद केली, उतरले आणि साडी खोचून डावी चाकोरी स्वतः चालले. पाणी घोट्याच्या वर नव्हतं. परत येऊन सीटवर बसले आणि मला रडू आवरेना. जावयांना वाटलं पाय मुरगळला. घरी येताना तीच गाडी पक्की केली. का, हे कोणी विचारलं नाही.

हे पत्र गाडीच्या कागदांत ठेवावं असं मनात आलं होतं, पण तिथे ते कुणाच्या तरी हाती लागेल. माझ्या कपाटात राहू दे.

एक मात्र छळतं. त्या सोमवारी मी उठले तेव्हा माझे बूट दाराशी ठेवलेले होते, खडू लावून पांढरेशुभ्र केलेले. आदल्या रात्रभर आईपाशी जागून तुम्ही सकाळी ते केलं होतंत. एरवी मलाच करायला लावायचात. म्हणजे ते तुमच्या हातांत होते. बोटांनी सगळं ओळखणाऱ्या त्या हातांना ते कोरडे लागले असणार; पाण्यात बुडालेले बूट एका रात्रीत वाळत नाहीत. डावीकडून मी चालले नव्हते, आप्पा. हे तुम्हाला आज कळतंय, की त्या सकाळीच कळलं होतं, ते मला कळत नाही.