पंप धुण्याच्या काठावरची मरळ

दि. १५ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, वर्धा.

विषय : मौजा पिंपळझरी, ता. सेलू येथील गावतलावाचे पाणी व मासे शनिवारपूर्वी तपासण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे तीन अर्ज, जे मी टपालात टाकले नाहीत.

महोदय,

१. मी शाळेचा निवृत्त ग्रंथपाल असून माझे वय त्र्याहत्तर आहे. रोज सकाळी गावच्या तलावावर गळ टाकून बसतो. सोबत पुस्तक असते. मासा क्वचित लागतो. हा विषय आपल्या कार्यालयाचा नसेल तर माझे अज्ञान समजून माफ करावे.

२. मी सांडव्याकडे बसतो, कारण तिथे शांतता असते. समोरच्या काठावर दगडी पायऱ्या आहेत. कपाशीवर फवारणी झाली की लोक संध्याकाळी तिथेच पंप धुतात व औषधाच्या रिकाम्या बाटल्या विसळतात. पाठीवरचा पंप उतरवायला ती पायरी सोयीची आहे. कोणाच्या मनात वाईट नसते. त्याच पायरीवर सकाळी श्री. मधुकरराव भोयर गळ टाकतात.

३. श्री. भोयर माझ्याच वयाचे असून त्यांचे केस अजून काळे आहेत. ते गळ टाकतात आणि मासा येतो. येता-जाता मला म्हणतात, "अण्णाजी, मास्याले वाचून दाखवून राह्यले का?" यावर सगळे हसतात. मीही हसतो. मोठी मरळ मिळाली की ते ती साफ करून स्टीलच्या डब्यात आमच्या घरी पाठवतात. माझी सून सौ. अंकिता हिला सहावा महिना सुरू आहे व तिला मासे आवडतात. माझी पत्नी भागीरथा तो डबा धुऊन, पुसून, त्यात काहीतरी गोड घालून परत करते. चाळीस वर्षांत माझा डबा इतका लख्ख कधी झाला नाही. हे वाक्य अर्जात नको होते, पण पान पुन्हा लिहिण्याइतका हात आता चालत नाही.

४. मी वहीत नोंदी ठेवतो. प्रथम प्रामाणिकपणे लिहितो की, त्या नोंदी मधुकररावांना मासे का मिळतात व मला का नाही हे शोधण्यासाठी ठेवल्या होत्या. आमिष, दोरी, वारा, सर्व लिहिले. जुलैपासून त्यांना अकरा मोठे मासे मिळाले. पैकी नऊ फवारणीच्या दुसऱ्या दिवशी. हे लक्षात आल्यावर मला आधी आनंद झाला, काळजी नंतर वाटली. या क्रमाची मला लाज वाटते.

५. खात्री करण्यासाठी गेल्या रविवारी, आदल्या संध्याकाळी पंप धुतले गेले होते म्हणून, मी पहाटे लवकर जाऊन त्यांच्या पायरीवर बसलो. थोड्याच वेळात हातभर मरळ लागली. ती ओढत नव्हती. काठाशी कलती होऊन तरंगत होती. गळाची गरजच नव्हती, हाताने उचलता आली असती. मरळ श्वासाला वर येते हे मी वाचले आहे, पण अशी नाही. तरीही मी ती घरी नेली. गल्लीतून जाताना पिशवी मुद्दाम उघडी ठेवली. अंकिता दारातच म्हणाली, "बाबा, आज तुम्ही आनली?" इतके कौतुक मला त्या घरात आजवर मिळाले नव्हते. ते मी सुमारे पाऊण तास उपभोगले. तिने मसाला वाटायला घेतला तेव्हा मी मासा उचलून परसात पुरला व नासला होता असे सांगितले. ती म्हणाली, "भोयरकाकांचा त कधी नासत नाई."

६. त्याच रात्री जेवताना मी भागीरथेला सर्व सांगितले. वही दाखवली. पोटात बाळ असताना असे मासे खाणे धोक्याचे असू शकते, हेही मी वाचलेले सांगितले. तिने वही मिटून बाजूला ठेवली. "तुमाले त्याईचा हेवा वाटून राह्यला, दुसरं काई नाई." महोदय, तिचे अर्धे म्हणणे खरे आहे. मला हेवा वाटतो. म्हणूनच आधीचे तीन अर्ज टाकले नाहीत. आपणही तेच म्हणाल असे वाटले. परंतु मला हेवा वाटतो म्हणून पाणी शुद्ध होत नाही. माझे चुकत असेल, तर ते आपल्या यंत्रावर चुकावे, अंकितेच्या ताटात नव्हे.

७. येत्या शनिवारी पुन्हा फवारणी आहे. रविवारी डबा येईल. तरी त्याआधी पायरीजवळचे पाणी व मासे तपासावेत, आणि पंप धुण्यासाठी तलावापासून दूर जागा ठरवण्याविषयी ग्रामपंचायतीस कळवावे, ही विनंती.

८. शेवटची विनंती लिहिण्यास मला दोन दिवस लागले. पाणी वाईट निघाल्यास तसे कळवणारे पत्र माझ्या नावे पाठवू नये. श्री. मधुकरराव भोयर यांच्या नावे पाठवावे व त्यांनीच गावात, विशेषतः आमच्या घरी, वाचून दाखवावे असे त्यात नमूद करावे. ते सांगतील तर अंकिता मासे खाणे त्याच दिवशी बंद करील. शोध त्यांनीच लावला असे लोक म्हणतील. भागीरथाही म्हणेल. म्हणू द्यावे.

आपला वेळ घेतल्याबद्दल संकोचलेला,
आपला नम्र,
(सही)
अण्णाजी नारायण देवतळे
मु. पो. पिंपळझरी, ता. सेलू, जि. वर्धा

सोबत :
१) वहीतील नोंदींची नक्कल, पाने सहा.
२) श्री. मधुकरराव भोयर यांचा पत्ता व मोबाईल क्रमांक. (माझा क्रमांक जोडलेला नाही.)