पांढरं हेल्मेट

घणसोली, गुरुवार संध्याकाळ

आज सुपरवायझरचं पांढरं हेल्मेट साहेबांना परत दिलं. सुपरवायझर झालो की पगार वाढणार, आणि पगार मर्यादेच्या वर गेला की कामगार विम्याचं कार्ड बंद. माझ्या लेकीच्या, परीच्या पायांचं तिसरं ऑपरेशन त्याच कार्डावर व्हायचंय. कंपनी दुसरा विमा देते, पण त्यात जन्मापासूनचं दुखणं धरत नाहीत. तीनदा विचारून आलो. साहेब म्हणाले, "अरे, लोक यासाठी मागे लागतात माझ्या." मी हेल्मेट टेबलावर ठेवून निघालो.

खरा घोर घरचा होता. परीने कालच अख्ख्या वर्गाला सांगून टाकलंय, माझे पप्पा आता पांढऱ्या हेल्मेटवाले. तिच्यासाठी नाही म्हटलं, हे तिला कळायला नको. म्हणून थाप मारली, "घट्ट होतं गं, डोक्यावर बसेच ना." चुकलं का माझं?

ती कॅलिपरचे बूट काढत बसली होती. मला खाली वाकायला लावलं, दोन्ही हातांनी माझं डोकं मापलं.

"पप्पा, माझे बूटपण पहिले घट्टच होते. आतला पट्टा सैल करायचा असतो. उद्या घरी घेऊन या, मी करून देते."