बोटभर निळी रेघ

साहेब, त्या नकाशावरच्या बोटभर निळ्या रेघेची खरी किंमत मी आज पहिल्यांदाच धड मांडली. एक वाहून गेलेला रस्ता, तुमची हुकलेली बढती, आणि त्यानंतर तुमच्या घरी मला कधीच गोड न लागलेला चहा. माझं म्हणाल तर काहीच गेलं नाही. तुमच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढणारा मी, आता खराडीत माझं स्वतःचं ऑफिस आहे. पोरं ड्रोन उडवतात. तलाव, ओढे, रस्ते दुपारपर्यंत स्क्रीनवर. मी त्यांना ऐकवतो, "आपण तालुक्यातला एकेक ओढा पायांनी मोजलाय." पोरं माना डोलावतात. पगार मीच देतो ना.

ओढा स्वतः चालल्याशिवाय नकाशावर काढायचा नाही, हा तुमचा नियम. तुम्ही चालून आलात की शनिवार पेठेतल्या स्वयंपाकघरात वहिनी तुमच्या पँटची कुसळं वेचत बसायच्या. "अहो, ओढा मोजून या, घरी आणू नका." तो ओढा काढायला मी एकटा गेलो, त्या दिवशी ऊन फार होतं. मी एका मेंढपाळाला विचारलं. त्याने हात केला, "त्यो काय, सरळ तळ्यात जातुया," आणि शेवटचा तुकडा मी चिंचेखाली बसून काढला. प्रत्यक्षात ओढा टेकाडामागे वळून रस्त्याला भलतीकडेच भेटत होता. माझा नकाशा बघून रस्त्याखाली पाण्यासाठी मोरी बांधली, पावसाळ्यात रस्ता गेला. वरच्या साहेबांनी झापलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तपासणी माझी होती." मला एवढंच विचारलंत, "चालला होतास ना?" मी म्हणालो, "हो साहेब, पूर्ण."

त्याच संध्याकाळी मी तुमच्या बाहेरच्या खोलीत बसलोय. आत वहिनी म्हणतायत, "ओढा काढून इथेच जेवायला आला होता. पँटला एक तरी कुसळ होतं का त्याच्या?" आणि तुम्ही, "हळू बोल. त्याचे कान तिखट आहेत." मग बाहेर येऊन मला विचारता, "पोहे घेणार का?" मी हो म्हणालो. पोह्यांना. त्यानंतर तुम्ही आणखी नऊ वर्षं जगलात, साहेब. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, आणि मी त्याला माफी समजत राहिलो.

गेल्या महिन्यात त्याच गावाचं काम निघालं. मुद्दाम मीच गेलो. तेवढा तुकडा चालून यावा आणि मग तुम्हाला लिहावं, असं ठरवलं होतं. पोरांनी ड्रोन उडवला, टेकाडामागचं वळण स्वच्छ दिसलं. मी गाडीतून उतरलो नाही.