शनिवारची फवारणी

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, मग हसशील. तब्येत ठणठणीत आहे माझी. पण फोनवर माझी गाडी हवापाण्याच्या पुढे जात नाही, हे तुला ठाऊक आहेच. म्हणून हा खटाटोप.

परवा तू विचारलंस, स्वयंपाकघरातल्या झुरळांवर जालीम औषध कुठलं. बाळ यायच्या आत घर लख्ख हवं, शनिवारी माणूस येऊन सगळं घर फवारून जाईल, तुझ्या दम्यापायी तू दोन दिवस मैत्रिणीकडे राहशील. मी नुसतं हं हं केलं. तीस वर्षं फवारणीत काढलेला बाप, आणि लेकीशी बोलायला तोंडातून शब्द फुटेना! तर आता सांगतो, त्या माणसाला येऊ देऊ नकोस. आधी झुरळं कुठली ते बघ. बारीक, तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा आहेत का? सिंकखाली आणि फ्रिजमागे चिकट कार्डं ठेव, त्यांवर किती अडकतात ते रोज सकाळी मोज. जिथे जास्त, तिथेच त्यांचं बिऱ्हाड. गळका नळ जावईबापूंकडून दुरुस्त करून घे. दोन महिने नुसतं करतो करतो चाललंय त्यांचं. पाणी तोडलं, उष्टं झाकलं, पाइपाभोवतीची फट बुजवली की निम्मं काम होतं. उरलेल्यांसाठी फटीत आमिषाच्या जेलचे चार ठिपके बस्स झाले. फवारा सगळ्यांत शेवटी, लागलाच तर, आणि तेवढ्याच जागी.

निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा नव्या फवारणीवाल्यांना शिकवायला जातो. पहिल्या दिवशी सगळ्यांचे पंप गाडीतच ठेवायला लावतो. हातात फक्त टॉर्च आणि वही. अर्धा तास नुसती खोली बघायची. कीड कुठली, येते कुठून, आणि इतकी आहे का की काही करायलाच हवं? वैतागतात बिचारे. एकानं तर माझं टॉर्चबाबा असं बारसंही करून टाकलंय. त्यांना वाटतं, हे शहाणपण मला पुस्तकातून आलं.

तू पाच वर्षांची होतीस. तुझ्या खिडकीवरच्या छज्ज्याखाली कबुतराचं घरटं होतं. पिल्लं उडून गेली त्या दिवशी तू रुसून जेवली नाहीस, आठवतं? आई तेव्हा मामाकडे गेली होती. आठवड्याभरात तुझ्या अंगावर पुरळ उठलं आणि मी ठरवून टाकलं, ढेकूण. गादी उलटून पाहायचीही तसदी घेतली नाही. दिवसभर दुसऱ्यांची घरं तपासणाऱ्याला स्वतःच्या घरात काय बघायचं! गोदामातून शेतावर मारायचं औषध आणलं, घरात वापरायला सक्त मनाई असलेलं, आणि तुझी गादी, पलंग, भिंती भिजवल्या. पुरळ थांबेना, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा, दुप्पट कडक.

आई परतली तोवर वास गेला होता. तिनं तुला न्हाऊ घातलं, तू ओल्या केसांनी गच्चीत खेळलीस, आणि संध्याकाळी तुला श्वास घेता येईना. अकरा दिवस हॉस्पिटल. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही फवारलं होतं का. मी नाही म्हणालो. लायसन्स जाईल, या भीतीनं. तुझे कपडे न्यायला घरी आलो आणि खिडकी उघडली, तर रिकाम्या घरट्यातून राखेच्या कणांएवढे किडे भिंतीवरून आत उतरत होते. पाखरांच्या अंगावरचे. घरटं काढलं, जागा पुसली. दहा मिनिटांचं काम.

तुझा दमा त्या औषधानंच जडला, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. मला मात्र शंका नाही. तुला ओल्या केसांनी गच्चीत सोडलं म्हणून आई जन्मभर स्वतःला बोल लावत राहिली. तुझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा तिनं तुझे केस खसाखसा पुसले, आणि तू हसलीस. मी दारात उभा राहून बघत होतो. तेव्हाही बोललो नाही.

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, डॉक्टरांना लिहून द्यायचंय, दमा कसा सुरू झाला. मी म्हणालो, आई सांगायची तसाच. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी मी पुन्हा तिच्याच माथी मारलं. त्यासाठी हे पत्र. डॉक्टरांना हेच वाचायला दे. शुक्रवारी सकाळी येतोय, टॉर्च आणि चिकट कार्डं घेऊन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. नाही उघडलंस तर कार्डं पायपुसण्यावर ठेवून परत जाईन. पण शनिवारी त्या माणसाला आत घेऊ नकोस, ठकू.

तू ठेवशील तसा, तुझाच,
बाबा